उशिरा आलेल्या कागदांवरचे शिक्के

मंगळवार, १८ फेब्रुवारी
जर्नलची खोली, तिसरा मजला

प्रिय ॲडी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या कोर्टाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर तू ते न फोडता फ्रीजवर टाकून दिलं असतंस. कोर्टात आलेलं पाकीट उघडणं तुला भाग आहे. रागावू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे? इथे थंडी मरणाची आहे, मी बरी आहे, आणि आज आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत!

आमच्या कायद्याच्या जर्नलचं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. देशभरातले प्राध्यापक लेख पाठवतात आणि ते छापायचे की नाही हे आम्ही विद्यार्थी ठरवतो. म्हणजे ज्यांच्यासमोर वर्गात आमची बोबडी वळते, त्यांना घरी बसून आम्ही नापास करायचं! फेब्रुवारीत नुसता पूर येतो. या महिन्यात सहाशे लेख आलेत. नाव, गाव, आभार सगळं काढून लेख आमच्या हातात देतात, म्हणजे मोठं नाव बघून कुणी भुलायला नको. दोघं जण वाचून शेरा लिहितात, आवडला तर पाच जणांच्या समितीपुढे जातो. पाचातले चार हात वर झाले तरच होकार.

तर मला एक लेख सापडला, ॲडी. चारशे एकोणीस नंबरचा. शनिवारी वाचायला घेतला आणि सूप गॅसवर करपलं तरी कळलं नाही. एका खेडवळ काउंटीत लोकांना भाड्याच्या घरातून कसं काढतात, त्यावर. कोर्ट नऊला बसतं, भाडेकरू हजर नसला की दोन मिनिटांत निकाल त्याच्या विरुद्ध. सगळे समजतात, हे लोक येतच नाहीत. पण लेखिकेने चौदाशे फाइली उघडून पाहिल्या. त्यातल्या एकसष्ट जणांचे लेखी जवाब निकालानंतर त्याच सकाळी आले होते. कुणाचा नऊ वाजून अकराला, कुणाचा सव्वानऊला. बर्फातून, लांबून, पोरं शाळेत सोडून. आले होते, ॲडी! आणि हे कशावरून कळलं? प्रत्येक कागदावर तारीख आणि वेळेचा शिक्का होता म्हणून.

काल समिती बसली, पाचातली एक मी. लेखिकेला दुसऱ्या जर्नलकडून होकार आलेला, आम्हाला शुक्रवारी पाचपर्यंत मुदत. म्हणजे हातचा जायची वेळ. त्यात आमचा प्रेस्टन. त्याला प्रत्येक लेखात खोट दिसते. म्हणाला, "निकाल लागून गेल्यावर आलेल्या कागदावर कोण कशाला शिक्का मारत बसेल? नियमात तसं कुठेच नाही. मला तर हे आकडे रचलेले वाटतात."

मी अशी काही उसळले! "नियमात नाही म्हणूनच तर!" मी म्हटलं. "कोर्टाच्या त्या खिडकीमागे कुणीतरी असं आहे, ज्याला वाटलं की हा माणूस आला होता याची कुठेतरी नोंद राहावी. एकसष्ट वेळा वाटलं. अशी गोष्ट कुणाला रचता येत नाही, प्रेस्टन."

चार विरुद्ध एक. मी खुर्चीवरून उडीच मारली.

होकार ठरला की मग झाकलेलं नाव उघडतात आणि पहिली तळटीप मोठ्याने वाचतात. त्यात लेखक आभार मानतो. हा आमचा आवडता कार्यक्रम, कारण लोक कुत्र्यामांजरांचेही आभार मानतात. आमची मुख्य संपादक इमोजेन वाचू लागली: "सर्वांत मोठे ऋण ॲडेल लिसोव्स्की यांचे. उशिरा आलेल्या एकाही माणसाला त्यांनी त्याच्या कागदावर शिक्का मारून तो फाइलला लावल्याशिवाय परत पाठवलं नाही."

"ही कुठली प्राध्यापक?" प्रेस्टनने विचारलं.

लग्नानंतर माझं आडनाव बदललंय. ही ॲडेल म्हणजे माझी बहीण, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण लेख माझा लाडका. आणि मी म्हटलं, "कुणीतरी कारकून असेल."

एवढंच. बाकीचे आपापले डबे उघडायला लागले. मी माझा डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

तुला आठवतंच आहे, मी उगाच फिरवून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तू म्हणालीस, कोरा, दोन महिने घरी ये. मी म्हणाले, "तुझं काय, शिक्केच तर मारायचेत, तू घे रजा. माझं इथे खरं काम आहे." तू रजा घेतलीस. त्यानंतर माझा फोन घेतला नाहीस. मी मनाशी म्हणायचे, ॲडी फारच मनाला लावून घेते. लावून घेणारच होतीस. मी वाईट बोलले होते, ॲडी, आणि काल दुसऱ्यांदा तेच बोलले.

आज सकाळी इमोजेनला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अगं, काल का नाही बोललीस? बहिणीचं काम असलेल्या लेखावर तुझं मत धरता येणार नाही." माझं मत गेल्यावर उरली तीनच. म्हणजे लेख बाद! तिने मतदानाला दुसऱ्या एकीला बोलावलं, नव्याने चर्चा लावली आणि मला बाहेर काढलं. पाऊण तास मी त्या गार कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी. तुझे एकसष्ट लोक तुझ्या खिडकीबाहेर कसे उभे असतील, ते तेव्हा कळलं.

दार उघडून प्रेस्टन आला. तोंड नेहमीसारखंच एरंडेल प्यायल्याचं. म्हणाला, "पाचही. मीसुद्धा. तुझी बहीण आहे म्हणून नाही हं. काल घरी जाऊन लेखातला शिक्क्यांच्या वेळांचा तक्ता पुन्हा वाचला." मी त्याला मिठीच मारली, बिचारा गडबडला!

लेखिकेला, म्हणजे उन्हाळ्यात तुझ्याकडे फाइली मागायला यायच्या त्या बाईंना, होकार कळवलाय, म्हणून तुलाही सांगायला हरकत नाही. आता छापण्याआधी प्रत्येक तळटीप मुळाशी ताडून बघायची असते. पुढच्या गुरुवारी प्रेस्टन तुझ्या फाइली बघायला येईल. त्याला चांगलं छळ. मला त्या फाइलींना हात लावायची मनाई आहे. तरी मी त्याच्या गाडीतून येतेय. तिथे मला काहीही काम नसेल. सगळ्यांसारखी रांगेत उभी राहीन आणि माझी पाळी आली की खिडकीशी येईन.

दोन वर्षं उशीर झालाय. पण उशिरा आलेल्याला तू तसंच परत पाठवत नाहीस, हे आता छापून येणार आहे.

तुझी धाकटी,
कोरा