बुवांचा आवाज

३ मार्च, मंगळवार

बुवा बाई निघाले!

रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा तुटला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने नवा पट्टा चढवला, बाजूचा खटका ढकलला आणि बुवांची रेकॉर्ड लावली. तर बुवांच्या जागी कुणी बाई किरकिरत सुटली! मागे टाळ्या काय, पिपाण्या काय!

"काकू, ही जलद फिरवायची रेकॉर्ड. तुम्ही इतकी वर्षं मंदवर ऐकताय. बाईचा बुवा केलात की हो!"

सूनबाई ओलं फडकं घेऊनच धावत आली. "अहो आई, हे तर लग्नात नाचायचं गाणं! शेंबड्या पोराला पाठ आहे." आणि फडकं फिरवत नाचून दाखवलं. दार लावून ऐकायची मी, त्यामुळे दोघांना वाटायचं, आईचं काहीतरी देवाधर्माचं चाललंय. मुलगा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

मीही हसले. काय करणार!

४ मार्च

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून पुस्तकांवरच वाढले मी. वाचनालयाची तीन कपाटं संपवली. पण हे गेले आणि ओळ पुढे सरकेना. एकच पान महिनाभर. तेव्हा बुवांनी धरून ठेवलं. कारखान्यातून यायचं, हातपाय धुवायचे, खिडकी लोटायची आणि बुवा लावायचे. खोल, संथ आवाज. कुणी विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उतरावं तसा. 'दार लावू नका, यायचंय कुणी...' शब्द न् शब्द समोर येऊन बसायचा. पोट भरायचं माझं.

आज सगळे बाहेर गेल्यावर जलद लावून पाहिलं. म्हटलं, खरं ते खरं. नुसता किलबिलाट! एक शब्द हाताला लागेना. सूनबाईला पाठ आहे म्हणे.

मग मंदवर लावलं. तेही गेलं. आता बुवांच्या आतून ती बाई डोळा मारते.

५ मार्च

जेवण गेलं नाही. सांगितलं, डोकं दुखतंय.

६ मार्च

विणाई खात्यात बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्याकडे मागांच्या खडखडाटात आवाज चालतच नाही. ओठ हलवायचे, समोरचीने वाचायचे. अख्खी भांडणं अशीच होतात. शेजारच्या मागावरच्या बाईने, आमच्या टकळीने, ओठ हलवले –

"तुझा बुवा पळाला म्हणे! तोही साडी नेसून!"

"पळाला."

"अगं, गोड लागत होतं ना? मग लागलं. मेले पुरुष जिवंतपणी फसवतात, तुझा एक तबकडीतून."

हसले. धागा तुटला, माग थांबवावा लागला. पण डोक्यातून जात नाही. तीन वर्षं मी रडले कशावर? वरातीच्या गाण्यावर! ज्याने मला उभं ठेवलं तो माणूस कधी जन्मालाच आला नाही. उद्या कुणी म्हणालं की तुझं वाचनही असंच, तू पुस्तकं उलटी धरून वाचतेस – तर काय उत्तर देऊ?

७ मार्च, शनिवार



दुरुस्तीवाला राहिलेला स्क्रू लावायला आला. जाता जाता म्हणाला, "काकू, तुमची चूक नाही हां. खटका जलदकडे जाऊच नये म्हणून फटीत आगकाडी बसवली होती, ती मी त्या दिवशी उपटली. तासून, वर गोंद लावून. मुद्दाम केलेलं काम आहे."

काडी दाखवली. टोक तिरकं तासलेलं, गोंद बोटाने पुसून सपाट केलेला. टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली अशीच, खिडकीच्या फटीत अशीच. ह्यांचं काम!

म्हणजे ह्यांना माहीत होतं. शेजारी बसून, डोळे मिटून म्हणायचे, "काय गातात गं तुझे बुवा!" गाण्यातलं ओ की ठो कळत नसताना! आणि तोंडावरची रेघ हलली नाही कधी. किती हसले असतील मनात!

फोटोकडे पाठ करून जेवले.

९ मार्च, सोमवार

अर्धी रजा टाकली. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात गेले. घरातल्या सहाही रेकॉर्डी हे तिथूनच आणायचे. म्हातारा दुकानदार अजून गल्ल्यावर आहे. ह्यांचं वर्णन केलं तर टाळीच वाजवली त्याने.

"ते होय! दर महिन्याला यायचे. पाच-पंचवीस रेकॉर्डी काढायला लावायचे आणि सगळ्या मंदवर! हां, ही चालेल, ही नको. गिऱ्हाईकं हसायची. मी एकदा म्हटलं, साहेब, चांगली गाणी नासवताय कशाला?"

एवढं बोलून वळला आणि मांडणी लावता लावता पुढे काहीतरी सांगू लागला.

"इकडे तोंड करून सांगा हो," मी म्हटलं.

तो थबकला. माझ्याकडे बघतच राहिला. मग जवळ आला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

लिहवत नाही आज.

११ मार्च

'बायकोचे कान मागांनी खाल्लेत. बारीक आवाज तिला पोचत नाहीत, भरभर शब्द पोचत नाहीत. तिला अजून कळलेलं नाही, कळू द्यायचंही नाही.' – हे दुकानदाराला असं म्हणाले होते.

आज कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खरं आहे. कधीपासून, विचारलं.

"दहा-अकरा वर्षं तरी. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का हो?"

"आलं होतं," म्हटलं.