तिसरा रकाना

३ जून
मुफिंदीच्या जंगलात पोचलो एकदाचा! इथं जूनमध्ये हिवाळा. थंडीनं दातावर दात आपटतायत, पण काम मनासारखं मिळालं. नारिंगी चेनसॉ चांगली की लाल, कंपनीनं चाळीस करवती कुठल्या घ्यायच्या, ते मी सांगायचं. आठवड्यात निकाल दिला की नोकरी पक्की. वेळ मोजायला सेकेला आहे. तिच्या जिभेला हाड नाही. म्हणाली, लुगेंगेदादा, करवत घट्ट धरा, नवरीचा हात धरल्यासारखी काय धरताय! जंगलाचे रखवालदार किहवेलेबाबा, त्यांनी बांबूची दारू पाजली. झकास झोप येणार.

४ जून
निलगिरीचा ओंडका, चाळीस सेंटिमीटर जाड. नारिंगी एकोणीस सेकंद, लाल बावीस. लालला जोर कमी, पण हाताला हादरे बसत नाहीत. गंमत म्हणजे ओढ्यापलीकडच्या धुक्यातही कुणीतरी कापतंय. आम्ही सुरू केली की त्याचीही सुरू होते. सेकेलानं हसत हसत वहीत तिसरा रकाना आखला आणि त्याचीही वेळ लिहिली. सतरा.

५ जून
पलीकडचा पठ्ठ्या चौदावर आलाय. बाबांना विचारलं, तर वही बघून त्यांचा चेहराच उतरला. पलीकडची तोड बंद होऊन सहा वर्षं झाली म्हणे. आवाज आला तरी इथं कुणी दखल घेत नाही. तुम्ही त्याला शर्यतीत घेतलंत, आता तो असातसा जायचा नाही, म्हणून ओरडले. सेकेला म्हणाली, बाबांना चढलीय. मीही हसलो. पण रात्री दाराला आतून कडी घातली.

६ जून
सकाळी आमच्या दोन ओंडक्यांशेजारी तिसरा. कापलेला. भुसा अजून गरम. वहीत नऊचा आकडा, काळ्या तेलानं लिहिलेला. अक्षर आमच्यापैकी कुणाचंच नाही. सेकेला दुपारच्या गाडीनं गेली. नोकरी घाला चुलीत, माझ्याबरोबर चला, म्हणत होती. मी नाही गेलो. मूर्ख मी!

७ जून
पान फाडून जाळलं. नव्या पानावर पुन्हा तोच रकाना. सहा.
बाबा सापडत नाहीत. त्यांच्या झोपडीचा मधला खांब कापलाय, एका दमात, गुळगुळीत —

८ जून, दुपार
धुकं खिडकीला टेकलंय. वाट दिसत नाही. दोन्ही करवतींच्या टाक्या रिकाम्या केल्या, साखळ्या काढल्या. तरी आवाज येतोय. ओढ्याच्या अलीकडे.
अंगणात.
आई गं, मला मरायचं नाही —
दाराशी थांबला.
दार पाच सेंटिमीटरचं. नारिंगीला अडीच सेकंद लागले असते. लालला तीन. याला —