बोर्डाखालची पाटी

प्रिय दादा,

भित्रा म्हणालास ना परत? म्हण बाबा. सातवीत शाळा सोडलेल्याला बाजारातलं काय कळतं, हेही सुनावलंस आणि सकाळी फोन ठेवून दिलास. म्हणून लिहितोय. कागद मधेच कट करता येत नाही. बाजार पडला तर भरपाई देईन, असा विमा तू लोकांना विकतोस आणि हप्ता खिशात घालतोस. बाजार झोपलेला असेल तोवर मजाच मजा. पण आईनं शिलाईचं दुकान विकून आणलेले सगळे पैसे त्यात अडकवलेस, ते? म्हणे आत्ता बाहेर पडलो तर अडतीस हजारांचा फटका बसेल, जरा दम धर. किती धरू?

मी झाडतो-पुसतो त्या ब्रोकरच्या ऑफिसात खाली एक हॉल आहे. रिटायर झालेली माणसं सकाळपासून खुर्च्या पकडून बसतात. समोर भावांचा मोठा बोर्ड, त्याखाली एक वेगळी छोटी पाटी. तिच्यावर एकच आकडा असतो, त्याला सगळे ‘भीती’ म्हणतात. पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या काकांनी मला समजावलं. येत्या महिनाभरात बाजार आपटेल म्हणून विमा घ्यायला लोक किती जास्तीचे मोजतात, त्यावरून तो काढतात. बारा असला की समज सगळे पेंगतायत. तिशी ओलांडली की कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. थोडक्यात, जे अजून घडलंच नाही त्याचं माप.

गेल्या आठवड्यात फडकं मारताना त्या पाटीला आकडा पुरवणारी वायर माझ्या हातून निघाली. आकडा बारावर गोठला. परत लावायला गेलो, तर मॅनेजर म्हणाला, राहू दे रे, बघ कसे गारेगार बसलेत. खरंच बसले होते. भाव वर-खाली हेलकावे खात होते आणि ही मंडळी एकमेकांच्या टकलावर विनोद करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुटी वायर गुंडाळत होतो. वर बघतो तर तेरा. मग पंधरा. वायर माझ्या हातात, दादा! सगळ्यांनी माना वळवल्या, पण पाटीकडे नाही, माझ्याकडे. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. तुझा मेसेज होता: आणखी विमे विकलेत, काळजी नको.

तेव्हापासून हेच चाललंय. आधी आकडा चढतो, मग तुझा मेसेज येतो. चष्मेवाल्या काकांनी हळूच विचारलं, पोरा, तुझं कुणी अडकलंय का रे? मी हसलो आणि फरशी पुसत राहिलो. वाटलं, ही माझीच भीती वर दिसतेय. म्हणून छातीवर हात ठेवून पाहिला. ठोके अगदी संथ. आणि वर सव्वीस.

मग आपली पाण्याची टाकी आठवली. शिडीवरून उतरलो की तू माझ्या छातीला कान लावायचास आणि भित्री भागूबाई म्हणून गल्लीभर नाचायचास. स्वतःच्या छातीला मात्र कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. बाबा गेले आणि त्यांना न्यायला गाडी आली, तेव्हा तू मला कवटाळलंस. एकदाच कळलं. माझ्या दुप्पट धडधडत होतं. आजवर कुणाला बोललो नाही.

पाटीवरचा आकडा माझा नाही, दादा. आज तो एक्केचाळीस आहे. मॅनेजरनं पाटी कापडानं झाकायला लावली, तर कापडातूनही लाल उजेड पाझरतोय. खुर्च्या एकेक करून रिकाम्या होतायत. फोनवरचं ते हसणं आईसाठी ठेव, माझ्यापुढे नको. आजच्या आज सौदा मिटव. मिटवलास की कळवायची गरज नाही, मी कापड उचलून आकडा बघेन. आईला काही सांगणार नाही. खोली बदलायला साठवले होते, ते काढून तुझ्या नावावर पाठवलेत. तू म्हणालास तेवढेच, अडतीस हजार.

तुझाच,
भागूबाई