आमच्या दारातला खांब

५ मार्च

झाडं लावून लावून मान धरली! सगळी स्क्रीनवर. पालिकेतल्या आमच्या साहेबांचं फर्मान – शहराची हुबेहूब प्रत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, तिच्यात झाडं वाढवून बघायची, वीस वर्षांनी सावली कुठे पडते ते पाहायचं आणि मगच खरा खड्डा खणायचा. कल्पना वाईट नाही. माझी झाडं तर फारच गुणी. पाणी मागत नाहीत, कचरा करत नाहीत. पक्षीही बसत नाहीत त्यांच्यावर.

६ मार्च

आज आमच्याच रस्त्याची पाळी. दारातलं आमचं वाकडं झाड मॉडेल घेईचना! त्याला ठाऊक अकरा जाती, आमचं त्यांतलं नाही. ‘अनोळखी वस्तू’ म्हणून लाल खूण, आणि लाल खूण असली की काम पुढे सरकत नाही. साहेबांना विचारलं. “खांब टाका. उभं आहे ना? झालं तर!” मग काय, शहरभर जिथे लाल तिथे खांब. संध्याकाळपर्यंत सगळं हिरवंगार!

घरी आले तर बाबा त्याच खांबाखाली खुर्ची टाकून बसलेले. आजारपणानंतर त्यांचं फिरणं तेवढंच – दार ते झाड.

११ मार्च

झालं कल्याण! योजना मंजूर. पहिलंच कलम – नव्या रोपांना जागा हवी म्हणून बिनदिव्याचे निकामी खांब काढून टाकणे. यादी मॉडेलने आपणहून काढली. तीत आमचं दार.

धावत साहेबांकडे. “ते झाड आहे हो!”

“मॉडेलमध्ये काय आहे?”

“खांब.”

“मग?” दुरुस्ती म्हणजे सगळं गणित पहिल्यापासून, आणि शुक्रवारी पाहुणे येणार बघायला. वर समजूत घालतात, “तुमच्या दारात नवं रोप देतोय की. सावली बघा केवढी!”

वीस वर्षांनंतरची. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. इतका संताप आला की दार आपटून बाहेर पडले.

१२ मार्च

बाबांना सांगायचं कसं?

१३ मार्च

सांगितलं एकदाचं. रडले मीच, बाबा नाही. म्हणाले, “खांब केलास? बरं केलंस.” मला वाटलं टोमणा. तर म्हणतात, “अगं, तुझ्याच ऑफिसात उभा जन्म काढलाय मी. झाड कुणीही तोडतं. पेटता दिवा काढायला मात्र वीजखात्याची सही लागते. जा, माळ्यावरची वायर काढ.”

१६ मार्च

ठेकेदार आला. ट्रक, करवत, चार माणसं. त्याने झाडाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग भर दुपारी फांदीला लटकून जळणाऱ्या बल्बकडे. बाबा खाली खुर्चीत – झोपेचं सोंग!

“काका, हे तर झाड आहे.”

एक डोळा उघडून बाबा – “कागदात काय आहे?”

“बिनदिव्याचा खांब.”

“मग दिवा दिसत नाही का तुला?”

त्याने डोकं खाजवलं, साहेबांना फोन केला, ट्रक वळवला. आता म्हणे वीजखात्याला पत्र जाणार. “जाऊ दे,” बाबा म्हणाले, “उत्तर येईपर्यंत झाड आणखी एक मजला चढेल.” कित्येक दिवसांनी पोट धरून हसलो दोघं.

१८ मार्च

साहेबांचा फोन, घरून. आवाज अगदी खाली. वाटलं, गेली नोकरी.

“बाबांना जरा विचारता का – बल्ब किती वॅटचा लावलाय? ठेकेदार करवत घेऊन माझ्या फाटकातल्या झाडापाशी उभा आहे.”