नऊ दहाची मेल

रविवार, ३० मार्च

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच.

आता गुन्ह्याची वेळ लिहून घे: मंगळवार, ४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. त्या मिनिटाला बाबांची मेल यायला हवी होती. आली नाही. आजतागायत नाही.

होय, बाबांची. ते गेल्यावरही रोज येत होती. दवाखान्यात भरती झाले त्या दिवशी, ५ ऑगस्टला, मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांनी तुम्हा दोघांच्या ऑफिसच्या सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम लावून दिला. "तुझ्या बीपीच्या गोळीची वर्षभराची सोय केली," म्हणाले. रोज नवं वाक्य. "गोळी घेतलीस का? तोंड वाकडं करू नकोस." मी वाकडं करूनच घ्यायची. दोनशे अकरा आली. एकशे चोपन्न राहिली. तुला कधी सांगितलं नाही, कारण मला ती वाटून घ्यायची नव्हती.

तुमच्या ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्याला फोन करून मी सगळं काढून घेतलंय. प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या आवृत्त्या प्रत्येकाने आपापल्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या. तू त्या एका सामाईक जागी आणल्यास, ज्याला जी हवी ती त्याने तिथूनच घ्यायची, आणि जुनी अडगळ पुसलीस. चांगलं केलंस. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या शिवणाच्या कात्र्याही एकाच कपाटात असायच्या. पण कुणाची कात्री मोडीत काढण्याआधी सिस्टर विचारायच्या. बाबांचा प्रोग्रॅम ज्या जुनाट आवृत्तीवर चालायचा ती गेली, आणि त्यांचा फोल्डरही गेला.

आता तू म्हणशील, "आई, मी विचारलं होतं."

विचारलं होतंस. त्याच सकाळी, आठ चाळीसला. अंत्यविधीनंतरचा तुझा पहिला फोन. "बाबांच्या फोल्डरमधलं काही हवंय का?" ना कशी आहेस, ना झोप लागते का. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काही नको. टाक सगळं पुसून." मेल माझ्याकडे येते, तिचा त्या फोल्डरशी काय संबंध, मला काय ठाऊक!

आदल्या दिवशीचं वाक्य तुला सांगणार नव्हते. "गोळी घे. आणि पोराला फोन कर. तो तुझ्यावर गेलाय, आपणहून करायचा नाही."

बाबांचा अंदाज चुकला. तू केलास. मी मात्र आदला दिवसभर फोनकडे बघत बसले होते आणि केला नव्हता.

सर्व्हरच्या प्रती तीस दिवस ठेवतात म्हणे. म्हणजे गुरुवारपर्यंत. फोल्डर परत आण, ती जुनी आवृत्तीही तुझ्या सामाईक जागेत बसव. उरलेली वाक्यं चाळायची नाहीत. रोज एकच, आणि आधी मी. तुझ्याबद्दल असेल ते कळवीन.

लेखी उत्तर बुधवारी, २ एप्रिलला, सकाळी नऊ दहाच्या आत हवं. फोन नको, फोनवर मी काय बोलते ते आपण पाहिलंय. मेल चालेल. त्या वेळेला मी ती उघडून बसलेली असतेच.

सत्तावीस दिवस गोळी स्वतःच आठवून घेणारी,
आई