मानूसोसने फक्त चूक दुरुस्त केली

लाडक्या रोझाताईस, धाकट्या फ्रांचेस्काची घट्ट मिठी.

क्रीटमध्ये मी मजेत आहे. खोकलाही बराच उतरलाय. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या कॉफीहाऊसमध्ये मी म्हाताऱ्या वादकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते. वरातीची एक जुनी धून आता फक्त मानूसोसला पुरती येते. पण बायको आर्गिरो गेल्यापासून त्याची लीरा, म्हणजे इथलं गजाने वाजवायचं तंतुवाद्य, काळ्या कापडात गुंडाळलेली आहे. दुखवट्यात वाजवायचं नाही, गायचंही नाही. आणि हल्ली त्याला फार धाप लागते गं.

काल त्याचा जुना साथीदार सिफिस शेजारी बसून तीच धून मुद्दाम चुकीची वाजवू लागला. मानूसोसने थोडा वेळ सोसलं, मग ओरडलाच, "गाढवा, नवरी नेतोयस की बकऱ्या हाकतोयस?"

"मग कशी आहे, शहाण्या?"

टेबलावर बोटांनी ताल धरत मानूसोसने अख्खी धून गुणगुणली. कुणी कपसुद्धा उचलला नाही.

मग माझ्या चालू ध्वनिमुद्रण यंत्राकडे वाकून तो म्हणाला, "आर्गिरो, मी गायलो नाही हं. याची चूक दुरुस्त केली."

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर खोटं बोलू नका म्हणायच्या. तरी मीही यंत्राजवळ तोंड नेऊन सांगितलं, "खरंच नाही गायले हो ते, आर्गिरोबाई."

तुझीच,
फ्रांचेस्का