साळूला पंचमीला आणायचंय

तीर्थरूप मामांच्या पायांवर शहादेवचं डोकं.

आम्ही सगळे पाणी सोडून बाकी बाबतीत मजेत आहोत. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेलच (पडला नसेल तर पत्र संपायच्या आत पाडून घ्यावा, पुढे थोडं चालायचं काम आहे). औरंगाबादेत नळाला पाणी येतं असं ऐकून मामींचा हेवा वाटतो. त्यांना नमस्कार सांगावा.

इकडे दूध सोसायटीच्या बैठका नेमाने होतात, दूध तेवढं येत नाही. सभासदांना कोरा चहा देतो आणि दुधाच्या विकासावर बोलतो. अशाच एका बैठकीत पाशाभाई केळीवाल्याचं माकड आत आलं आणि चेअरमन विठ्ठलरावांना चावलं. (कुठे ते लिहीत नाही, तुम्ही वडीलधारे आहात. ते अजून उभ्यानेच सह्या करतात.) मी सोसायटीचा सचिव, शिवाय ग्रामपंचायतीचा मेंबर. गप्प कसा बसणार? ग्रामपंचायतीत ठरावच मांडला, की गावात कोणीही रानटी वा हिंस्र जनावर पाळायचं नाही, पाळलेलं निघालं तर जंगल खात्याच्या हवाली करायचं. टाळ्या पडल्या. आईनेही दारातून ऐकून मान डोलावली.

आता साळूबद्दल सांगायला हवं. सोसायटीने गावाबाहेर गुरांची छावणी काढली आहे, तिथे आई आमच्या दोन म्हशी घेऊन राहते. उन्हाळ्यात तिला कोरड्या ओढ्यात एक पिल्लू सापडलं. तिने ते पदरात घालून आणलं, शेळीचं दूध पाजलं आणि साळू म्हणून हाक मारू लागली. तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्या बहिणीला लेकीची किती हौस होती आणि पदरी आम्ही दोघे पडलो. साळू मागून जरा बसकी होती, आणि अंगावर पट्टे होते. पण मामा, यंदा छावणीत ज्याच्या त्याच्या बरगड्या दिसतात, म्हशींच्या दिसतात, माझ्याही दिसतात. साळूच्याही दिसतात असंच सगळे समजलो. कुत्र्याला शोभणार नाही असं हसायची, तर आई म्हणायची, "हसू दे की, लेकरू हाय."

ठरावाप्रमाणे जंगल खात्याचा गार्ड जीप घेऊन माकड न्यायला आला. गावच्या ठरावाला मान देणारा पाहुणा, म्हणून मीच त्याला आग्रहाने जेवायला आईकडे छावणीत नेलं. साळू येऊन त्याच्या मांडीला टेकून बसली. त्याचा भाकरीचा घास हातातच राहिला. "हे कुत्रं न्हाई," तो हळूच म्हणाला, "हे तरस हाय."

मी कायद्यात पळवाट शोधू लागलो. पण ठराव माझाच, शब्दन्‌शब्द मीच घोटून बसवलेला, त्यात सुईलाही वाट ठेवली नव्हती. आई मात्र रडली नाही. तिने कुंकू आणलं, खण आणला, मूठभर ज्वारी आणली आणि साळूची ओटी भरली. गार्डला म्हणाली, "लेक अशी हात हलवत सासरी जात न्हाई. हिला दूध कोमट लागतं, ध्यानात ठिवा." तो बिचारा टोपी काढून "हाव, आजी" म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माकडाचा पिंजरा त्याच जीपमध्ये होता. पाशाभाई डोळे पुसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुझा ठराव लई इमानदार निघाला बे. घरचं बी न्हाई सोडलं."

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलते, पण म्हशींच्या मार्फत. "सांगा गं मेंबरला, भाकरी झाकून ठिवलीय." दोघी ऐकून घेतात, निरोप देत नाहीत. असो. कृपा असावी.

आपला भाचा,
शहादेव

ता. क. साळू तुमच्या औरंगाबादच्या प्राणिसंग्रहालयात आहे. काल आई माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलली, "पंचमीला साऱ्यांच्या लेकी येत्यात. मुराळी कोण जाणार?" जायला हवं भावानेच, म्हणजे मी. पण कोणत्या तोंडाने जाऊ? तुम्ही जाऊन यावं. आणायचं नाही, ते कायद्यात बसत नाही. पिंजऱ्याशी उभं राहून एवढंच सांगावं, "यंदा दुष्काळ हाय, आईला तुला आणणं जमलं न्हाई. पुढच्या साली नक्की." पत्रासोबत आईने बांगड्या दिल्या आहेत. त्या नुसत्या दाखवाव्यात.

ता. क. २. गार्ड परवा भेटला होता. डॉक्टरांनी तपासलं, साळू नर आहे म्हणाला. हे आईला कधी कळू देऊ नका. मुलगे तिला दोन आहेत, तेवढे तिला पुष्कळ झाले.